कडुनिंबाखाली तळं करताय? थोडं थांबा

खोडाला खेटून खणू नका. फांद्यांचा घेर संपतो त्याच्या बाहेर जागा बघा. मनगटाएवढं मूळ लागलं तर ते तोडण्यापेक्षा खड्डा सरकवा. शेजारी पिंपळ किंवा उंबर असेल तर मी तिथे तळंच करणार नाही. त्यांची मुळं सिमेंटच्या फटीतही शिरतात.

खड्ड्यात अंथरायला आपल्याकडे शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद सहज मिळतो, तोच घ्या. खाली मी हौसेनं जुन्या सोलापुरी चादरी अंथरल्या होत्या. सुती त्या, कुजल्या, आणि एक मुरमाचा खडा कागदातून वर आला! आता चाळलेली वाळू घालतो.

खरी कटकट पाल्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब झडतो, पाला तळाशी कुजतो, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. पहाटे गप्पी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून दिसले की समजायचं. त्या दिवसांत जाळी ताणा. चिंचेचा पाला मात्र जाळीतून सरळ खाली जातो, त्याला बारीक जाळीच हवी.

सावलीचा फायदाही आहे म्हणा, मे महिन्यात चाळीसच्या वर पारा गेला की पाणी कमी उडतं. पण कमळाला पाच-सहा तास ऊन लागतं, ते विसरू नका. नळाचं पाणी भरलंत तर मासे सोडायची घाई करू नका, आधी क्लोरीन जाऊ द्या.