पहिला सेंच्युरियन बांधताना

प्रिय चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

प्लास्टिकच्या पहिल्या छोट्या प्रतिकृतीसाठी तू १९६५ च्या युद्धातील सेंच्युरियन रणगाडा निवडला आहेस आणि एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन, कोणता घ्यावा, असे विचारले आहेस. त्याविषयी पुढे लिहितो. पण त्याआधी एक गोष्ट तू ठरवावीस, असे मला फार मनापासून वाटते. नुसता ‘सेंच्युरियन’ बांधायला घेऊ नकोस. ठरावीक जागी, ठरावीक दिवशी उभा असलेला एकच सेंच्युरियन डोळ्यांपुढे ठेव. रंग, चिखल, ओरखडे आणि सामानाची बांधाबांध यांविषयीचा प्रत्येक निर्णय त्या निवडीतून निघतो. ती झाली नसेल, तर हातात कसब असलेला माणूसही दुसऱ्याच्या प्रतिकृतीची नक्कल करीत बसतो.

असल उत्तरची लढाई घे. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या दिवसांत ती खेमकरणजवळच्या उसाच्या पट्ट्यात झाली. आपल्या सैन्याने पाणी सोडून जमीन भिजवली होती, त्यामुळे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले, आणि उसाच्या आडोशाला थांबलेल्या थर्ड कॅव्हलरी या रेजिमेंटच्या सेंच्युरियननी व डेक्कन हॉर्स या रेजिमेंटच्या शर्मन रणगाड्यांनी त्यांना टिपले. यातून तुझ्या रंगकामाला केवढी दिशा मिळते पाहा. रुतलेल्या पॅटनवर ओला, गडद चिखल चाकांच्या वरपर्यंत शोभेल. दबा धरून थांबलेल्या सेंच्युरियनवर मात्र चिखल खालच्या भागातच असावा, बाजूच्या पत्र्यांच्या कडांना उसाच्या पात्यांचे तुकडे अडकलेले असावेत आणि बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, बराचसा स्वच्छ असावा. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत उतरलेल्या, पुण्यात जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या ‘फामागुस्टा’ नावाच्या सेंच्युरियनवर हाच चिखल चालणार नाही, कारण तेथील भूमीही वेगळी आणि ऋतूही वेगळा.

प्रमाण १/३५ घे. १९६१ साली टामिया कंपनीने पँथर रणगाड्याची मोटरवर चालणारी प्रतिकृती काढताना आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला, त्यातून हे प्रमाण रूढ झाले. सेंच्युरियनचा हल, म्हणजे बुरुजाखालचे मुख्य धड, तोफेची नळी वगळता सुमारे ७.६ मीटर लांब आहे, म्हणजे प्रतिकृतीत तो जवळपास २२ सेंटीमीटर होईल. १/७२ मध्ये तोच साडेदहा सेंटीमीटरचा होतो; घरात जागा कमी असेल तर तेही चांगले, पण नवशिक्या हाताला मोठा आकार अधिक सांभाळून घेतो.

किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, उघडण्यापूर्वी अहिल्यानगरला जाऊन ये. तेथील कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे आणि असा संग्रह आपल्या राज्यात असणे हे आपले मोठे भाग्य आहे. मात्र तेथील रंगावर विसंबू नकोस, कारण संग्रहालयातील रणगाडे पुन्हा पुन्हा रंगवले जातात. रंगासाठी त्या काळची छायाचित्रेच पाहावीत. तेथे पाहायचे ते पोलाद. सेंच्युरियनच्या बुरुजाचा मुख्य भाग ओतीव आहे आणि हल जाड पत्रे वेल्डिंगने जोडून केलेला आहे. पॅटन एम-४८ चा हलसुद्धा ओतीव आहे. ओतीव पृष्ठभागाचा खरखरीतपणा किटमध्ये बहुधा फार गुळगुळीत होऊन येतो. पोटीन पातळ करून जुन्या, ताठ ब्रशने त्याचे ठिपके दे आणि वाळल्यावर बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरव. परवानगी असेल तेथे छायाचित्रे घे, नसेल तर वहीत रेखाटने कर. रेखाटताना नजर अधिक बारकाईने पाहते.

जोडणीविषयी थोडक्यात सांगतो. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात त्या स्प्रूवरून पिळून तोडू नकोस, निपरने, म्हणजे छोट्या कातर-पकडीने, कापून घे. साच्याच्या रेघा घासून टाक, विशेषतः तोफेच्या नळीवरची, कारण पाहणाऱ्याची नजर प्रथम तेथे जाते. पातळ प्लास्टिक सिमेंट पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करते, म्हणून ते थेंबभरच लागते. रंगापूर्वी सगळे साबणाच्या पाण्याने धुऊन वाळव.

आता एअरब्रश. ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल-ॲक्शन (एकाच खटक्याने हवा आणि रंग दोन्ही कमी-जास्त करता येणारा) एअरब्रश आणि पाणी अडवणारा फिल्टर असलेला काँप्रेसर एवढे पुरे. महागड्या ब्रशपेक्षा तो फिल्टर आपल्या हवेत अधिक मोलाचा आहे. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात लॅकर (झटपट वाळणारा, थिनरमध्ये कालवलेला रंग) मारले, की हवेतील दमटपणामुळे त्यावर पांढुरका थर धरतो. त्या महिन्यांत जोडणी कर आणि रंग कोरड्या दिवसांसाठी ठेव. दाब १५ ते २० पीएसआय ठेव, आणि एका जाड थराऐवजी अनेक पातळ थर दे. मूळ हिरवा किंचित उजळ करून घे, कारण लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद भासतो.

थरांचा क्रम मोडू नकोस. आधी ॲक्रिलिक रंग, त्यावर चकचकीत वार्निश, मग डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा), मग पुन्हा वार्निशचा पातळ हात आणि त्यानंतर इनॅमलचा वॉश, म्हणजे खाचाखोचांत उतरणारा अगदी पातळ गडद रंग. इनॅमलचे थिनर वाळलेल्या ॲक्रिलिकला धक्का लावत नाही, म्हणूनच वॉश पुसून दुरुस्त करता येतो. शेवटी मॅट वार्निश आणि चिखल. डिकल बहुतेक वेळा ब्रिटिश सैन्याचे मिळतील. भारतीय खुणा छायाचित्रे पाहून हातानेच रंगव.

गंजाचा मोह आवर. जाड रंगवलेल्या पोलादावर युद्धाच्या काही दिवसांत नारिंगी डाग पसरत नाहीत. गंज धुरांड्याला आणि उघड्या पडलेल्या कडांना दे. चाकांवरून फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा जमिनीवर घासणारा भाग तर उलट उजळ धातूसारखा दिसायला हवा.

फवारणी खिडकी उघडी ठेवून आणि रासायनिक वाफा गाळणारा मास्क लावूनच कर. कापडी मास्क वाफा अडवत नाही. यात काटकसर करायची असेल, तर किट वर्षभर पुढे ढकल, पण मास्क आधी घे.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मारण्यापूर्वी बुरुजाची आणि हलची छायाचित्रे तिरप्या उजेडात काढून मला पाठव. ओतीव भाग पुरेसा खरखरीत झाला आहे का आणि कोठे सांध राहिली आहे का, हे त्या टप्प्यावर दुरुस्त होते. रंगानंतर ते खरवडून काढावे लागते.

तुझा हितचिंतक