महिंद्रा थार गाडीत कायमचा बसवायला कोणता एअर कॉम्प्रेसर घ्यावा? सिंगल की ट्विन, आणि टाकी लागते का?

सिंगल मोटरचा घ्या. टाकी नको. मागे मेकॅनिकल लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) असेल तर त्याला हवा लागत नाही. एअर लॉकर बसवणाऱ्यांनी दाब धरून ठेवायच्या भानगडीत पडावं. तुम्हाला डिसेंबरात राजस्थानात वाळूवर जायचंय, टायरमधली हवा उतरवायची आणि परत भरायची, एवढंच काम आहे. तुम्ही 25 हजारांचं बजेट लिहिलंय, पण त्यातले वायरिंगला किती ठेवलेत ते लिहिलेलं नाही, आणि माझं दुखणं नेमकं तिथेच आहे.

माझी थार जुनी, डिझेलची सीआरडीई, 2014ची. नाशिकची गाडी, नाशिकचाच मालक. तीन वर्षं पैसे साठवून मी चांगला सिंगल कॉम्प्रेसर घेतला आणि मागच्या उजव्या बाकाखाली बसवायचं ठरवलं. ती जागा मीच निवडली होती आणि ती आजही बरोबर वाटते, कारण बॉनेटखालच्या उष्णतेत कॉम्प्रेसर आधीच अर्धा तापलेला असतो. बसवायला एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे दिला. त्याने दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिमी तांब्याची) वायर काढली. मी विचारलं, ही पुरेल का? तर म्हणाला, "साहेब, घरात अख्ख्या खोलीचे पंखे-दिवे हिच्यावर चालतात." मी गप्प बसलो. त्याचा त्रास मला अजून होतो.

घरात 230 व्होल्ट असतात. 360 वॅटच्या यंत्राला तिथे दीड-पावणेदोन अँपिअर लागतात. गाडीत 12 व्होल्टवर तेवढ्याच कामाला 30 अँपिअर लागतात. तांब्याच्या दीड स्क्वेअर वायरचा रोध मीटरला साधारण 12 मिलिओहम. बॅटरीपासून बाकापर्यंत चार मीटर आणि परत चार, म्हणजे आठ मीटरला जवळजवळ 0.1 ओहम. त्यातून 30 अँपिअर गेले की तीन व्होल्ट वाटेतच जातात आणि 90 वॅटची उष्णता वायरमध्येच राहते. त्यात फ्यूज बसवला होता बाकाखाली, कॉम्प्रेसरच्या शेजारी, आणि केबिनच्या पत्र्याच्या भोकातून वायर आत घेतली ती भोकाच्या कडेला बसवायच्या रबरी ग्रोमेटशिवाय.

आम्ही तीन गाड्या घेऊन सम गावाच्या टेकड्यांवर गेलो होतो. संध्याकाळी वाळूतून बाहेर आलो, चाळीसेक किलोमीटर डांबरी रस्त्याने जैसलमेरला परतायचं होतं. टायर 15 पीएसआयला होते, त्यावर डांबरावर वेगाने जाणं म्हणजे टायरच्या भिंती भाजून घेणं. पहिला टायर भरला, जरा रेंगाळत. दुसरा अर्धा झाला आणि डॅशबोर्डखालून वास आला, प्लास्टिकच्या पिशव्या जाळल्यासारखा. बॉनेट उघडलं तर पत्र्याच्या भोकापाशी लाल वायरचं आवरण मऊ होऊन कडेवर चिकटलं होतं आणि आतलं तांबं पत्र्याला लागून धूर निघत होता. फ्यूज शाबूत! तो वायरच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याला इकडचं काही कळणारच नव्हतं. दहाच्या पान्याने मी बॅटरीची निगेटिव्ह काढली. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, मागच्या बाकावर झोपली होती. तिला बायकोने आधीच उचलून बाहेर नेलं होतं.

उरलेले अडीच टायर मेहुण्याच्या लायटर सॉकेटवर चालणाऱ्या पंपाने भरले. तेव्हापासून प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला तेच ऐकतो: "दाजींच्या महागड्या पंपाने धूर काढला, माझा अडीच हजारांचा कामाला आला." त्याचा पंप कामाला आला, हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्याला अडीच टायरना 40 मिनिटं लागली आणि मधे दोनदा तो थंड करावा लागला. आणि माझा पंप जळलाच नव्हता. नाशिकला येऊन मी तोच कॉम्प्रेसर जाड केबलने थेट बॅटरीला जोडला, तर 15 वरून 32 पर्यंत एक टायर दोन मिनिटांच्या आत-बाहेर भरला. त्यानंतर दहा स्क्वेअरची वायर ओढली, आणि तोच कॉम्प्रेसर आजही त्याच बाकाखाली आहे. जळलेल्या वायरचा वीतभर तुकडा मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. कोणी पंपाचा विषय काढला की तोच हातात देतो.

आता तुमच्या निवडीबद्दल. खोक्यावरचे 150 पीएसआय बघू नका, तुम्हाला 32 हवेत. बघायचं ते हवेचं प्रमाण, आणि तेही दाबाखालचं. शून्य दाबाचा आकडा सगळ्यांचाच सुंदर असतो. माझ्या 235/70 आर16 टायरमध्ये साधारण 60 लिटर जागा आहे, त्यामुळे 15 वरून 32 करायला बाहेरची 70 लिटर हवा आत ढकलावी लागते, चार टायरना 280. तुमचे 18 इंची टायर असतील तर थोडी जास्त. लायटर सॉकेटचा फ्यूज बहुधा 10-15 अँपिअरचा असतो, त्यावर चालणाऱ्या मोटरकडून हे काम लवकर होणार नाही, ती कितीही चांगली असली तरी.

दुसरं म्हणजे ड्यूटी सायकल. 33 टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटं चालवून वीस मिनिटं विश्रांती. एआरबी कंपनीचा ट्विन (दोन मोटरचा) 100 टक्के ड्यूटीचा आहे, यंत्र उत्तम आहे, पण तो भर पडल्यावर 50 अँपिअरच्या पुढे खेचतो आणि तुमच्या बजेटमध्ये तो वायरिंगसकट बसणार नाही. ट्विन घेऊन वायरीत वाचवणाऱ्यापेक्षा सिंगल घेऊन दहा स्क्वेअर ओढणारा शहाणा, हे मी मेहुण्यालाही सांगतो.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात लावा. फ्यूज वायरसाठी असतो, कॉम्प्रेसरसाठी नाही. रिले (बटणाच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा, बटणातून 30 अँपिअर नेऊ नका. गाडीची मूळ वायरिंग कापू नका, वॉरंटीत असाल तर अजिबातच नाही, थेट बॅटरीवरून स्वतंत्र लाइन घ्या. नव्या थारला पाण्यात उतरायची क्षमता 650 मिमी दिली आहे, तर कॉम्प्रेसरचं हवेचं फिल्टर नळी लावून त्याच्या बरंच वर घ्या. हवा भरताना इंजिन चालू ठेवा.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. वर्षातून एकदाच राजस्थानला जाणार असाल तर कायमचा बसवूच नका, बॅटरीला चिमटे लावून चालणारा पोर्टेबल घ्या. त्यात वायर आणि चिमटे कंपनीने मोटरच्या मानाने दिलेले असतात, इलेक्ट्रिशियनच्या अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. मेहुण्याचा तसला नव्हता.

आणि बसवलाच तर निघायच्या आधी घरी चारही टायर 15 पर्यंत उतरवून सलग भरून बघा, एक भरून समाधान मानू नका. मीही एकच भरून बघितला होता. दुसरा टायर झाला की वायर पत्र्यातून आत जाते तिथे हात लावा. कोमट लागली तर चालेल. धरवत नसेल तर तिथेच बटण बंद करा आणि ज्याने ओढली त्याच्याकडून ती काढून घ्या.