हात तिथे पोचलाच कसा?

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना राग आला, तुझा नव्हे, त्या पेन्सिलीचा. चौकशीच्या फॉर्मवर 'अपघाताचे कारण' या रकान्यात साहेबांनी आधीच पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. तू त्यावर पेन फिरवून सही करायची, एवढंच काम उरलंय. आणि तू मला विचारतेस की प्रेसवरच्या त्या कामगाराने डायमध्ये, म्हणजे पीस दाबून घडवणाऱ्या साच्यात, हात घातला हे तर खरंच आहे, मग तसं लिहिण्यात खोटं काय?

खोटं काहीच नाही गं. हात घातला, ही घटना झाली. रकाना कारण विचारतोय. त्यासाठी माझ्याकडे एकच प्रश्न आहे आणि तो विचारून विचारून मी लोकांना नकोसा झालो: हात तिथे पोचलाच कसा?

प्रेस चालू असताना हात डायपर्यंत जातो, म्हणजे हात अडवणारं गार्ड नव्हतं, किंवा असून उघडं होतं, किंवा ते उघडलं की यंत्र थांबवणारा लिमिट स्विच तारेने बांधलेला होता. बांधला असेल तर का? हौस म्हणून कुणी तार शोधत फिरत नाही. पीस अडकत असणार. दर वेळी गार्ड उघडून तो काढण्यात वेळ जात असणार आणि शिफ्टचं टार्गेट ठरवताना तो वेळ कुणी धरलेलाच नसणार. बरं, पीस का अडकतो? डायची धार गेली असेल, पीस बाहेर ढकलणारी स्प्रिंग थकली असेल. बघ, बोटापासून निघालो आणि मेंटेनन्सच्या वहीपाशी आलो. ती वही तू उघडलीस का? पत्रात तिचा उल्लेख नाही.

लाइट कर्टन आहे, हात आडवा येऊन किरण तुटला की प्रेस थांबवणारा किरणांचा पडदा, असं तू मोठ्या विश्वासाने लिहिलंयस. आहे, पण डायपासून किती अंतरावर? हात सेकंदाला दोन मीटर पुढे जातो, असं धरून हिशेब करतात. किरण तुटल्यापासून स्लाइड, म्हणजे प्रेसचा वरून खाली येणारा भाग, थांबेपर्यंत 0.2 सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात 40 सेंटीमीटर आत गेलेला असतो. कर्टन त्याहूनही थोडा लांब हवा. 15 सेंटीमीटरवर बसवला असेल तर ती नुसती रोषणाई. आणि थांबायचा वेळ मॅन्युअलमधला घेऊ नकोस, आजचा मोज. ब्रेक झिजतो तसा तो वाढतो. प्रेस जुन्या धाटणीची असेल, एकदा क्लच लागला की पूर्ण फेरी मारूनच थांबणारी, तर कर्टनचा उपयोगच नाही. मधे थांबणं तिला जमतच नाही.

आता तुझी उपाययोजना. जाड हातमोजे, भिंतीवर पोस्टर, सगळ्यांना पुन्हा ट्रेनिंग. अगं, कित्येक टनांच्या दाबापुढे हातमोजा काय करणार? ड्रिलसारख्या फिरत्या यंत्रावर तर हातमोजाच हाताला आत ओढून नेतो. धोका मुळातून काढता येतो का, नाही तर त्याजागी कमी धोक्याचं काही आणता येतं का, नाही तर तो आडोशाने रोखता येतो का, मग कामाची पद्धत आणि सगळ्यात शेवटी अंगावर घालायच्या वस्तू. हा क्रम तुला पाठ आहे, परीक्षेत लिहून आलीस. पण कारखान्यात सगळे तळाच्या पायरीपासून सुरुवात करतात, कारण हातमोजे दुपारपर्यंत विकत येतात.

पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यापेट्या बनवणाऱ्यांचे जबडे सडत. मालकांनी काय काय केलं! दात तपासले, खिडक्या उघडल्या, हात धुवायला लावले. काही कामगार त्यातून वाचलेही असतील. पण तो आजार गेला, तो पांढरा फॉस्फरसच काड्यांमधून गेला तेव्हा. त्यावर बंदी घालणारा करार बर्नमध्ये 1906 साली झाला. कामगार तेच होते आणि हातही तेच.

हे सगळं मी तुला एवढ्या ठसक्यात सांगतोय, पण तुझ्या वयात मी सही केली होती. अशीच प्रेस, बांधलेला स्विच. ती तार मी रोज येता-जाता बघत होतो. रिपोर्टात तिच्याबद्दल एक शब्द नाही. नोकरी नवी होती, घरी मी एकटाच कमावणारा होतो, आणि वरच्यांनी समजावलं की भाषेचाच तर प्रश्न आहे. आजही वाटतं, त्या परिस्थितीत दुसरं काय केलं असतं? मग लगेच कळतं की हीच वाक्यं मी त्याही वेळी स्वतःला ऐकवली होती. सहा आठवड्यांनी तो माणूस परत आला, हाताला बँडेज, दोन बोटं कमी. सरळ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "साहेब, चूक माझीच, तुम्हाला उगाच त्रास झाला." मी "असू दे" म्हणालो. असू दे! या शब्दांची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर मी हट्टी झालो. बढती लांबली, उत्पादन अडवणारा माणूस म्हणून नाव झालं. उद्धट होतो, असंही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तू तेवढं उद्धट व्हायची गरज नाही.

पेन्सिल खोडू नकोस, भांडूही नकोस. नवा कागद घे. स्विचची स्थिती, कर्टनचं अंतर, मोजलेला थांबायचा वेळ, मागच्या तीन महिन्यांत पीस किती वेळा अडकला आणि टार्गेट कुणी, कशाच्या आधारावर ठरवलं, एवढं लिही. फोटो जोड. त्याखाली सही कर. त्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेव. हे करताना हात कापतील, माझेही कापले असते.

आणि उद्या आधी त्याला भेटायला जा, फॉर्म नंतर. तो माफी मागायला लागेल. त्याला मधेच थांबव आणि त्या तारेबद्दल विचार. ती कुणी बांधली, हे विचारू नकोस. कधीपासून होती, ते विचार.