आजोबांच्या आयुष्यावर लिहायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी छोटी पुस्तिका काढायची आहे, पण 'कष्टाळू होते, प्रेमळ होते' याच्या पुढे काही सुचत नाही. आम्ही नागपूरला आमच्या आबाजींसाठी अशी पुस्तिका काढली, म्हणून सांगते.

घरच्यांच्या आधी त्यांच्यासोबत काम केलेल्या माणसांना गाठा. आबाजी एम्प्रेस मिल या कापड गिरणीत मागावर होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही मिल २००२ मध्ये बंद पडली. नागपुरातली कितीतरी घरं तिच्या भोंग्यावर उठायची, डबे भरायची. आबाजींचा आवाज एवढा मोठा, की मोहल्ल्यात त्यांना सगळे तापट समजायचे. आणि एक सवय होती. कोणी बोलायला लागलं की हनुवटीला बोट लावून त्याचं तोंड आपल्याकडे वळवून घ्यायचे. आम्हा नातवंडांना तो लाडच वाटायचा.

तेरवीला त्यांच्या पाळीतले एक म्हातारे काका आले. म्हणाले, "बाई, माग सुरू झाले की कानापाशी ओरडलं तरी ऐकू येत नव्हतं. आम्ही ओठ पाहूनच बोलत होतो. तुझ्या आबाजीचे कान तर मिलमंधीच गेले." आजीला हे सगळं ठाऊक होतं, पण तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आमच्या पुस्तिकेचं पहिलं पान यावरच आहे, आणि ते वाचून माझे बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

तारखांसाठी 'कोणत्या साली?' असं विचारू नका. जुन्या माणसांना साल सांगता येत नाही, पण त्या वेळी गावात काय चाललं होतं ते नेमकं सांगतात. बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली त्याच्या आधी की नंतर? नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं तेव्हा, की महाराष्ट्र झाल्यावर? पहिली गोष्ट १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्यानंतर अठरा दिवसांनीच, १ नोव्हेंबरला, नागपूरचं राजधानीपण गेलं, आणि महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. आजी म्हणाली, "दीक्षेची गर्दी पाहिली तेव्हा तुझा बाप पोटात होता." झालं, बाबांच्या जन्माचं साल लागलं. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जुलै आणि भलतंच साल. पूर्वी नाव घालताना मास्तर अंदाजानं तारीख टाकायचे, तेव्हा दाखल्यावर १ जुलै दिसला तर दुसरीकडून खात्री करून घ्या.

सणांचं लिहाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आबाजी आम्हाला खांद्यावर घेऊन इतवारीत काळी-पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला उभे राहायचे. सगळी गर्दी 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडायची, आणि आबाजी त्यात घरचं दुखणं जोडायचे. मला गोवर निघाला त्या साली त्यांचं 'गोवर घेऊन जा गे मारबत' सगळ्यांच्या वर ऐकू येत होतं. माझ्यासाठी आबाजी म्हणजे तो आवाज.

छापताना मागे थोडी पानं कोरी ठेवा. वर्षश्राद्धाला आलेले लोक वाचतील आणि हमखास म्हणतील, "अरे, ते राहिलंच की!" तेव्हा पेन हाती द्या. आमच्या प्रतीतली कोरी पानं आत्यानं एकटीनंच भरून टाकली, आणि काकांसाठी वेगळी वही आणावी लागली.