इंदूरचं खासगी रुग्णालय केसपेपर देत नाही, आमदारांकडे जाऊ का?
जा, पण आधी लेखी अर्ज द्या. मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यायचे, असं डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमांतच आहे. आमच्या काकूच्या वेळी काउंटरवरचा मुलगा 'उद्या या' एवढंच म्हणायचा. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मागितला, तसे आतून साहेब बाहेर आले. संध्याकाळी फाइल हातात!

तरीही अडलं तर सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय आणि आरोग्य अधिकारी. इंदूरच्या नर्सिंग होमची नोंदणी मध्य प्रदेशच्या 1973 च्या कायद्याखाली तिथेच होते. मग आमदार. खासदारांपेक्षा तेच बरे, कारण रुग्णालयं राज्यसूचीत, म्हणजे राज्याच्या विषयांत, येतात आणि विधानसभेत प्रश्न आमदारच विचारतो. शिक्क्याची प्रत मात्र न्या. नुसत्या गाऱ्हाण्यावर पीए चहा पाजून परत पाठवतो.