फोटो तोच ठेवा, चिन्ह बदला

(बेळगावात छापखाना चालवणाऱ्या अण्णांचं हे प्रश्नोत्तरांचं पान. या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली: आपण निवडून दिलेला माणूस पक्ष बदलून मोकळा होतो, मग मतदारानं काय करायचं?)

अण्णा, आमचं गाव कृष्णाकाठी. २०१८ ला निवडून दिलेल्या आमदारांनी वर्षभरात पक्ष सोडला. कट्ट्यावर सगळे शिव्या घालत होते. डिसेंबरात पोटनिवडणूक लागली आणि त्याच लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. तेव्हापासून मी मतदानाला जायचं सोडलंय. लोकांना खरंच राग येतो की नुसतं बोलायचं म्हणून बोलतात?
– एक ऊस उत्पादक, अथणी तालुका

राग खरा होता हो. त्या दिवसांत लग्नपत्रिका छापायला आलेला माणूसही आधी पाच मिनिटं आमदाराला शिव्या देऊन मग मुहूर्ताकडे वळायचा. कारणही तसंच होतं. जुलै २०१९ मध्ये राजीनामे पडले, २३ तारखेला काँग्रेस-जनता दलाचं कुमारस्वामी सरकार गेलं आणि महिना संपायच्या आत विधानसभा अध्यक्ष रमेश कुमार यांनी १७ आमदार अपात्र ठरवले. त्यात गोकाक, अथणी आणि कागवाड, आपल्या जिल्ह्यातले काँग्रेसचे तिघे. पाठोपाठ ऑगस्टात महापूर. कृष्णेचं पाणी गावात, घटप्रभेचं गोकाकात, आणि या तिन्ही मतदारसंघांना आमदारच नाही! माजी आमदार फिरत होते, नाही असं नाही. पण पंचनाम्याच्या वेळी अधिकाऱ्यापुढे ‘माजी’च्या शब्दाला किती वजन असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पोटनिवडणूक आधी ऑक्टोबरात होती, ती पुढे ढकलून ५ डिसेंबरला घेतली. म्हणजे पूर ओसरून घरं वाळली तरी प्रतिनिधीचा पत्ता नव्हता.

तरी तिघेही आता भाजपच्या चिन्हावर निवडून आले. राज्यात पोटनिवडणूक झालेल्या १५ जागांपैकी १२ भाजपनं जिंकल्या, म्हणजे हा आपल्याच पाण्याचा गुण म्हणता येत नाही. तेव्हा एका उमेदवाराचा माणूस पेन ड्राइव्ह घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, “अण्णा, फोटो तोच ठेवा, चिन्ह बदला.” फोटोत गळ्यात तिरंगी उपरणं होतं. आमच्या पोरानं संगणकावर मधला पांढरा पट्टा भगवा केला. हिरवा काठ पुसायला लागला तेव्हा तो माणूसच म्हणाला, राहू दे की, नव्या उपरण्यालाही हिरवा काठ असतोच. निम्मं काम वाचलं. वर कन्नड, खाली मराठी, मजकूर जवळपास मागचाच. शेवटची एक ओळ मात्र नवी होती: सत्तेतला आमदार निवडा.

त्या ओळीनं मतं ओढली. पुरात घर पडलेल्या माणसानं विचार केला की रागापायी विरोधी बाकावरचा आमदार आणायचा, की ज्याच्या मतावर भाजपच्या येडियुराप्पांचं सरकार टिकणार आहे त्याला पाठवून भरपाई मागायची? त्याला मी बिनलाजा म्हणणार नाही. त्यानं हिशोब केला. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये गोकाकच्या रमेश जारकीहोळींना आणि कागवाडच्या श्रीमंत पाटलांना मंत्रिपद मिळालं, अथणीच्या महेश कुमठळ्ळींना नाही. हिशोब सगळ्यांचा सारखा जुळला नाही, इतकंच.

आता २०२३ कडे या. अथणीत भाजपनं उमेदवारी कुमठळ्ळींना दिली म्हणून लक्ष्मण सवदी काँग्रेसमध्ये गेले आणि पंचाहत्तर हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. हेच सवदी २०१८ ला याच कुमठळ्ळींकडून अडीच हजारांच्या आत हरले होते, तेव्हा चिन्हं उलटी होती. कागवाडात श्रीमंत पाटलांना राजू कागेंनी हरवलं. कागे स्वतः पूर्वी भाजपचे आमदार, २०१९ च्या पोटनिवडणुकीला काँग्रेसमध्ये आलेले. गोकाकात जारकीहोळी राहिले. तिथं राग ओतायला तोलामोलाचं भांडंच नव्हतं. २०१९ ला तर समोर काँग्रेसकडून त्यांचे सख्खे भाऊ उभे होते.

म्हणजे बघा, पक्ष बदलणाऱ्याला आपण शिक्षा दिली ती पक्ष बदललेल्या दुसऱ्याच्या हातून. आपल्याकडचा मतदार पक्षांतरावर चिडतो, पण मत देतो माणसाला. ज्याच्याकडे गावोगाव माणसं, सोसायटी, ऊस, हाक मारली की येणारी गाडी आहे, असा दुसरा कुणी उभा राहिला तरच तो राग पेटीत पडतो. नाहीतर कट्ट्यावरच विरतो. आणि तुम्ही घरी बसलात त्यात फायदा झाला तो ज्याच्यावर तुम्ही चिडलात त्याचाच. त्याच्या विरोधातलं एक मत कमी.

राजीनामा देऊन जाणारे आणि न देता जाणारे, यात फरक काय? पलीकडे महाराष्ट्रात तर पोटनिवडणूकच झाली नाही. आणि अशा आमदाराला परत बोलवायचा काही मार्ग?
– एक पदवीधर, निपाणी

परत बोलवायचा अधिकार आमदाराच्या बाबतीत आपल्या देशात मतदाराला नाही. बाकी कायदा असा. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. त्यात एकतृतीयांश आमदार फुटले तर माफी होती, ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं काढली. आता दोनतृतीयांशांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीनीकरण केलं तरच सुटका. आणि अपात्र ठरलेला माणूस पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होऊ शकत नाही.

आपल्या राज्यानं यातून २००८ ला वाट काढली, तिला लोक ‘ऑपरेशन कमळ’ म्हणतात. आमदारकीचा राजीनामा द्यायचा आणि नव्या चिन्हावर पुन्हा उभं राहायचं. आपल्याच जिल्ह्यातले अरभावीचे बालचंद्र जारकीहोळी आणि हुक्केरीचे उमेश कत्ती तेव्हा जनता दलातून असेच भाजपमध्ये गेले आणि पुन्हा निवडून आले. २०१९ ला अध्यक्षांनी राजीनाम्याऐवजी अपात्रतेचा दंडुका उगारला, पुन्हा उभं राहायलाही विधानसभेच्या मुदतभर बंदी घातली. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं अपात्रता कायम ठेवली, बंदी मात्र उठवली.

महाराष्ट्रात २०२२ ला शिवसेना आणि २०२३ ला राष्ट्रवादी फुटली तेव्हा खरा पक्ष आमचाच, असा दावा झाला. राजीनामे नाहीत, म्हणून पोटनिवडणुका नाहीत. तिथल्या मतदाराला बोलायला २०२४ उजाडावं लागलं. आपल्या सीमेला लागून असलेल्या चंदगडात अजित पवारांबरोबर गेलेले आमदार तेव्हा पडले, आणि आले कोण? अपक्ष. कर्नाटकातल्या उड्या मला पटत नाहीत, पण एक कबूल करायला हवं: आपल्याला निदान मध्येच विचारलं तरी.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. पक्षांतराची तक्रार अध्यक्षांकडे फक्त आमदारानंच करावी असं नाही, ज्याचा संबंध आहे असा कुणीही करू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ ला एका ओडिशाच्या प्रकरणात सांगितलंय. २०२० ला मणिपूरच्या प्रकरणात अध्यक्षांनी साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा असंही म्हटलं. महाराष्ट्रात किती लागले ते आपण पाहिलं.

आमचे सासरे जन्मभर महाराष्ट्र एकीकरण समितीचे. ज्यांना समितीचा माणूस म्हणून मत दिलं त्यांनी राष्ट्रीय पक्षाची वाट धरली. सासरे त्यांचं नाव काढू देत नाहीत. दीर म्हणतात, आमच्या गल्लीचा रस्ता तर झाला ना. जेवताना रोज वाद. मी काय बोलू?
– एक गृहिणी, खानापूर तालुका

ताई, या घरातला राग अथणीच्या रागासारखा नाही. तिथं मत माणसाला होतं, तुमच्या सासऱ्यांचं मत सीमाप्रश्नाला, महाराष्ट्रात जायच्या मागणीला होतं. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करून आलेला, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळून दुकान बंद ठेवणारा माणूस उमेदवाराचा चेहरा बघत नव्हता. त्यामुळं त्यांना हे पक्षांतर वाटतच नाही, घर सोडून गेल्यासारखं वाटतं. रस्ता झाला म्हणून ते दुखणं थांबणार नाही, आणि ते गद्दार म्हणाले म्हणून दिरांचा रस्ता उखडणार नाही.

पण दिरांच्या पिढीचंही ऐका. सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही. बेळगाव महापालिका वर्षानुवर्षं भाषेवर लढली जायची. २०२१ ला पक्षाच्या चिन्हांवर लढली गेली आणि भाजपनं ५८ पैकी ३५ जागा घेतल्या. एवढी मराठी मतं कुठं गेली हे सासऱ्यांना दिसतं, म्हणून तर ते जास्त चिडतात. नेता गेला त्यापेक्षा त्याच्या आधी मतदार गेले, हे त्यांना बोचत असणार. (समितीतल्या गटबाजीचं काय, हे मला विचारू नका. एकाच मतदारसंघातल्या दोन ‘अधिकृत’ उमेदवारांची पत्रकं मी एकाच यंत्रावर छापलीत.)

तुम्ही मध्ये पडू नका. जेवण वाढा, विषय त्यांचा त्यांना मिटवू दे.

आमचे ग्रामपंचायत सदस्य आज या पक्षाच्या गाडीत, उद्या त्या. यांना पक्षांतरबंदी नाही?
– एक वाचक, चिकोडी तालुका

नाही. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, मग पक्ष बदलला म्हणायचं कसं? तालुका पंचायत, जिल्हा पंचायत, नगरपालिका, महापालिका यांच्यासाठी मात्र कर्नाटकाचा १९८७ चा वेगळा कायदा आहे.

पक्ष बदललेला उमेदवार पुन्हा दारात आला तर विचारावं तरी काय? “विकासासाठी गेलो” यापुढे ते बोलतच नाहीत.
– तरुण मंडळाचा कार्यकर्ता, बेळगाव ग्रामीण

विकास म्हटला की कामाचं नाव विचारा. कुठला बंधारा, कुठला रस्ता जुन्या पक्षात अडला होता आणि आता किती दिवसांत होणार. उत्तर तिथंच वहीत लिहा आणि सही मागा. सही देणार नाहीत, पण पाठीमागची माणसं ऐकतात. दुसरं, प्रत्येक निवडणुकीला उमेदवार मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देतो, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही बघता येतं. जुन्या चिन्हावरचं आणि नव्या चिन्हावरचं, दोन्ही काढा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. मंडळाच्या फलकावर लावायची असतील तर आमच्याकडे प्रती काढून मिळतील, पानाला दोन रुपये. मात्र त्याचं प्रचारपत्रक करणार असाल तर खाली छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव-पत्ता घालावा लागतो, तसा कायदा आहे. माझं नाव मी घालतो, तुमचं कुणाचं घालायचं ते ठरवून या.