भावजींची गोळी मला कशी?

सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कुणी पिशवीत हात घालून गोळ्यांचं पाकीट काढू लागलं, की पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येतो. "मॅडम, ही वेड्याची गोळी तर नाही ना?" कुणी मोबाइलवर नाव शोधून आलेलं असतं. कुणाला मेडिकलवाल्याने "कुणासाठी हवीय?" असं जरा हळूच विचारलेलं असतं, आणि तेवढंही पुरतं.

शोभाताईंनी (नाव आणि तपशील बदललेत) तर तीन पाकिटं टेबलावर ओळीनं मांडली. तासगावकडचं द्राक्षबागेचं घर, वय अडतीस.

"हे आत्यांचं, झोपेचं. हे भावजींचं. पाच वर्षांमागं त्यांना आवाज ऐकू यायचे, शेजारी पाण्यात विष घालतात म्हणायचे. आणि हे माझं. आता ह्या दोन्हीवरचं नाव वाचा बघू."

दोन्हीवर क्वेटियापीन. त्यांच्या पाकिटावर 25 मिलिग्रॅम, दिरांच्या पाकिटावर 300.

"झोप नाही, छातीत धडधडतं, एवढंच सांगितलेलं मी. म्हणजे मलाबी तेच झालंय. डॉक्टर तोंडावर सांगत नाहीत, एवढंच."

म्हणून ती गोळी पाकिटातच राहिली. सोबत दिलेली चिंतेवरची एस्सिटालोप्राम 'काही फरक नाही' म्हणून पाचव्या दिवशी बंद. आणि तीन आठवडे आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, अल्प्राझोलाममधली अर्धी गोळी चालू.

मी समुपदेशक. गोळी लिहून देत नाही, बंदही करत नाही. त्यांना विचारून त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, काय काय चाललंय ते कळवलं. पण पहिल्या भेटीत मी मेंदूतली रसायनं समजावत बसले, ती चूकच. त्या मान डोलवत राहिल्या आणि पाकिटं जशीच्या तशी पिशवीत घालून गेल्या.

दुसऱ्या वेळी मी बागेचा विषय काढला. जीए, म्हणजे द्राक्षाला देतात ते वाढीचं संजीवक, किती वेळा देता?

"फुलोऱ्याआधी 10 पीपीएम, घड लांबायला. पुढं मणी फुगवायला 40चं डिपिंग, घड बुडवून."

"दोन्हीला औषध वेगवेगळं?"

"नाही हो, जीए तेच. प्रमाण आणि वेळ..." आणि त्या थांबल्या. 25चं पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं. मी गप्प बसले. अशा वेळी तोंड बंद ठेवायला मला बरीच वर्षं लागली.

"म्हणजे ह्याचं काम वेगळं, भावजींच्याचं वेगळं?"

तेच. सर्दीसाठी अ‍ॅव्हिल घेतली की गुंगी येते ना? क्वेटियापीनचा लहान डोस मुख्यतः त्याच रस्त्यानं पेंग आणतो. डोपामाइन या मेंदूतल्या रसायनापर्यंत पोचून संशय आणि आवाज शमवायला त्याहून कितीतरी मोठा डोस लागतो. नुसत्या निद्रानाशाला ही गोळी द्यावी का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. वजन वाढतं, साखरही वाढू शकते. म्हणून 'मला ही का दिली?' हे डॉक्टरांना जरूर विचारावं. शोभाताईंनी पुढच्या खेपेला विचारलंही.

पण हिशेब पटला म्हणून झोप आली नाही. खरी गोष्ट चौथ्या भेटीत निघाली.

"भावजींचंबी आधी झोपेपासूनच सुरू झालेलं."

मी विचारलं, "आपल्याला काहीतरी होतंय, असं तेव्हा त्यांना वाटायचं का?"

"छे! मी बरोबर, तुम्हीच वेडे, म्हणायचे."

"आणि तुम्ही?"

"मी तर रोज विचारते, मला वेड लागलं का म्हणून..." बोलता बोलता त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसल्या, मग रडल्या.

एवढ्यावरून निदान होत नसतं, ते डॉक्टरांनीच करायचं. आणि त्यांनी ते आधीच केलं होतं, चिंता म्हणून. पण मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची माणूस, घटनेपेक्षा मनातलं वाक्य जास्त छळतं असं मानणारी. झोप उडाल्यानं माणूस हैराण होतो, पण त्याहून जास्त हैराण 'मी भावजींसारखी होणार' या वाक्यानं होतो. ते वाक्य मी त्यांना दाखवलं नाही, त्यांनीच पकडलं. याचं मला आजही समाधान आहे.

आता गोळ्यांचं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामचा गुण अर्ध्या-एक तासात कळतो, म्हणून तीच 'खरी' गोळी वाटते. काही आठवड्यांत तेवढी पुरेनाशी होते, शरीर मागू लागतं. वर्षानुवर्षं घेतलेली एकदम तोडली तर थरथर सुटते, कधी फिटही येते. म्हाताऱ्या माणसाचा रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. अल्प्राझोलाम तर शेड्यूल एच1 या सरकारी यादीत आहे, दुकानदाराला तिची वेगळी नोंदवही ठेवावी लागते ती उगाच नाही. एस्सिटालोप्रामचं उलटं. गुण यायला दोन ते सहा आठवडे, सुरुवातीला मळमळ किंवा थोडी जास्तच अस्वस्थता. तिची चटक लागत नाही, पण तीही एकदम थांबवायची नाही. आणि दिरांच्या औषधानं पेंग पहिल्या रात्री येते, संशय मात्र आठवड्या-आठवड्यानं सैल होतो. 'आता बरा आहे' म्हणून स्वतःच बंद केलं, की आजार उलटतो. शोभाताईंच्या घरानं ते एकदा पाहिलंय.

झोपेसाठी आम्ही दोनच गोष्टी धरल्या. उठायची वेळ रोज साडेपाच, रात्र कशीही जावो. आणि रात्री दोनला मोबाइलवर पावसाचा अंदाज बघायचा नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पत्र्यावर थेंब वाजला, की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं त्या उठून बसत. "तुम्ही जागल्यानं पाऊस थांबतो का?" यावर त्यांच्या मालकांचं उत्तर होतं, "न्हाई, पण मला उठवते." फवारणीचं काय ते उजाडल्यावर, असं दोघांत ठरलं.

शेवटच्या भेटीला त्या मिठाईचे तीन रिकामे डबे घेऊन आल्या. प्रत्येकावर मुलाकडून लिहून घेतलेलं: कुणाची, कशासाठी, कधी. आत्यांच्या डब्यावर खाली एक ओळ जास्त होती, 'शोभानं घ्यायची नाही.'

आत्यांची गोळी डॉक्टर हळूहळू उतरवताहेत. चार महिन्यांत एकची पाऊण झालीय. त्या माझ्यावर अजून रागावलेल्या आहेत.